खटला न्यायालयात आहे, विद्यार्थी वसतिगृहात आहे



महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला तो 2004 साली. त्या वर्षी निपाणी, खानापूर किंवा येळ्ळूरच्या एखाद्या मराठी घरात जन्मलेले मूल 2025 मध्ये एकवीस वर्षांचे झाले. या काळात ते मराठी शाळेत गेले, दहावी-बारावी झाले, महाविद्यालयात दाखल झाले आणि पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचले. दावा मात्र अजून निकालाची वाट पाहतो आहे. आपल्या पिढ्यांनी या प्रतीक्षेला निष्ठा मानले आणि त्यात काही गैर नव्हते. परंतु विद्यार्थ्याची तीन वर्षे कोणत्याही न्यायालयात तहकूब होत नाहीत. वसतिगृहातली खाट त्याला आज हवी असते, शिष्यवृत्तीचा अर्ज याच महिन्यात भरायचा असतो आणि मन खचले तर त्याच रात्री कोणाशी तरी बोलायचे असते.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या एका मुलीबरोबर मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो होतो. संस्थेचे नाव घेत नाही, कारण हा अनुभव एका संस्थेपुरता नाही. घरातून पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. वसतिगृहाची नियमावली कन्नडमध्ये होती, शुल्काचा तक्ता इंग्रजीत. खिडकीतले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी मराठीत चौकशीही केली. नियमावली मराठीत मिळेल का, असे विचारल्यावर मात्र ते म्हणाले, "तशी पद्धत नाही." मुलीने न वाचलेल्या कागदाखाली सही केली. दोन महिन्यांनी पूर्वपरवानगीविना गावी गेल्याबद्दल तिला दंड झाला, तेव्हा आपण कशाखाली सही केली होती ते तिला समजले. दंड किरकोळ होता. पण तिने मला विचारले, "काका, यात अजून काय काय लिहिलं असेल?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की, मराठी आणि कन्नड या शेजारच्या भाषा, शब्द निम्मे सारखेच, लिपी शिकली की सगळे उलगडते. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या कागदांवरचे शब्द एकदा डोळ्यांखालून घालावेत. विद्यार्थीनिलय म्हणजे वसतिगृह आणि विद्यार्थीवेतन म्हणजे शिष्यवृत्ती, इथपर्यंत तर्क चालतो. पुढे तो फसतो. कन्नडमधील 'व्यासंग प्रमाणपत्र' म्हणजे अमुक वर्षे अमुक शाळेत शिकल्याचा दाखला. आपल्याकडे व्यासंग हा एखाद्या इतिहाससंशोधकाचा असतो, बारावीच्या मुलाचा नसतो. 'आदाय प्रमाणपत्र' म्हणजे उत्पन्नाचा दाखला. आपला आदाय जमाखर्चाच्या वहीतून कधीच बाहेर आला नाही. 'दृढीकरण' म्हणजे कागद खरा असल्याची खातरजमा. मराठी वाचकाला त्यात बळकटी दिसते. आणि ज्या शब्दाची विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज पडू शकते, तो 'आप्त समालोचने'. कन्नडमध्ये त्याचा अर्थ जिव्हाळ्याने केलेले समुपदेशन असा आहे आणि शब्द म्हणून तो सुंदर आहे. परंतु मराठी मुलाने तो दारावर वाचला, तर आत नातेवाइकांची समीक्षा चालते असे त्याला वाटेल. तो दार ठोठावणार नाही.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा धोका अनोळखी शब्दांहून मोठा असतो. अनोळखी शब्द माणूस विचारून घेतो. ओळखीचा वाटणारा शब्द तो चुकीच्या अर्थाने पुढे नेतो आणि त्याची किंमत अर्ज फेटाळला गेल्यावर कळते.

दुसरा युक्तिवाद अधिक करड्या आवाजात होतो. कर्नाटकात राहता, तर कन्नड शिका. याला माझे उत्तर स्पष्ट आहे. शिकावी, आमची मुले शिकतातही, आणि बाजारात, बसमध्ये, मैदानावर ती कन्नड सहज बोलतात. पण बाजारात भाव करण्यापुरती भाषा येणे वेगळे आणि वसतिगृहात छळ झाला, आई आजारी असल्याचा निरोप आला, परीक्षेच्या आदल्या रात्री हातपाय गार पडले, तर ते सांगण्यासाठी भाषा येणे वेगळे. संकटात माणूस मातृभाषेकडे परत जातो. केंद्र सरकारने हे ओळखले आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेत 14416 हा क्रमांक फिरवल्यावर भाषा निवडता येते आणि त्या भाषांमध्ये मराठी आहे. या सेवेचे राष्ट्रीय शिखर केंद्र कर्नाटकाच्या राजधानीत, बेंगळूरच्या निम्हान्समध्ये आहे. बेंगळूरहून चालणारी सेवा मराठीतून ऐकू शकते, तर बेळगावच्या महाविद्यालयातील समुपदेशकाच्या खोलीला मराठी परकी का वाटावी?

या प्रश्नाला कायद्याचेही पाठबळ आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या तक्रारीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेतून संबंधित अधिकाऱ्याकडे देता येते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी अखिल भारतीय पातळीवर मान्य झालेल्या संरक्षणांत पंधरा टक्क्यांचा निकष आहे. 2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण त्याहून अधिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2023 मध्ये विद्यापीठांना कळवले की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेतून उत्तरे लिहू द्यावीत. त्याच वर्षी आयोगाने विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम आणले, त्यांत तक्रार निवारण समिती आणि लोकपाल यांची तरतूद आहे. पदवीला कन्नड सक्तीची करण्याचा कर्नाटक सरकारचा 2021 चा आदेशही उच्च न्यायालयात स्थगित झाला होता. म्हणजे हक्क कागदावर आहेत. ते कोणी मागितलेच नाहीत, तर कागदावरच राहतील.

बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीत 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ उभे राहिले, तोवर आपल्या मुलांचे विद्यापीठ धारवाडला होते. घराजवळ विद्यापीठ आले ही चांगलीच गोष्ट झाली. तेथे मराठीचा विभाग आहे, त्याचाही आनंद आहे. परंतु भाषेचा विभाग असणे आणि त्या भाषेतून सेवा मिळणे या दोन गोष्टी आहेत. मराठीचे एम.ए. करणाऱ्या मोजक्यांना मराठी मिळते. वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकणारी शेकडो मराठी मुले या विभागाची पायरी चढत नाहीत. त्यांची मराठी ही अभ्यासाची भाषा नसून जगण्याची भाषा आहे, आणि विद्यार्थी सेवांचा संबंध जगण्याशी असतो.

आता निपाणीकडे वळू. निपाणीचा मुलगा शहरालगतच्या अर्जुननगरला देवचंद महाविद्यालयात जातो, तेव्हा तो राज्य ओलांडतो. महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, संलग्नता शिवाजी विद्यापीठाची, घर कर्नाटकात. वर्गात त्याला मराठी मिळते, ही मोठी सोय आहे. पण मागासवर्गीय मुलाची शिष्यवृत्ती तो ज्या राज्याचा रहिवासी त्या राज्याकडून यायची आणि महाविद्यालयाचे दाखले दुसऱ्या राज्याचे! एका खिडकीवर "तुमचे कॉलेज आमच्याकडे नाही" आणि दुसऱ्या खिडकीवर "तुम्ही आमचे रहिवासी नाही" ही दोन वाक्ये ऐकून परत आलेली मुले मी पाहिली आहेत. दोन्ही वाक्ये नियमाला धरून होती. मुलाच्या हातात मात्र काहीच पडले नाही.

म्हणून महाराष्ट्रालाही विचारायला हवे. 865 गावांतील मराठी मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळा प्रवर्ग ठेवला, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण प्रवेश म्हणजे शिक्षण नव्हे. एका राज्यातील जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितले. बेळगावचा दलित विद्यार्थी कोल्हापुरात किंवा पुण्यात पोहोचतो, तेव्हा आपले आरक्षण तो सीमेवर ठेवून येतो. जी भूमी आपलीच आहे असे महाराष्ट्र न्यायालयात सांगतो, त्या भूमीतील मुलाला वसतिगृहाच्या खिडकीवर परराज्यातील ठरवतो. ही विसंगती घटनेच्या चौकटीत राहूनही कमी करता येईल. सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी स्वतःची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात ठरावीक जागा देण्यास कोणताही निकाल आड येत नाही.

आणि थोडे आपल्यालाही. 1 नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो, मूक फेरीत चालतो. फेरी संपल्यावर किती जण एखाद्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देतात? 2022 च्या नोव्हेंबरअखेरीस बेळगावच्या एका महाविद्यालयात स्नेहसंमेलनात कन्नड ध्वज फडकवणाऱ्या मुलाला मारहाण झाली. पाठोपाठ डिसेंबरमध्ये महामार्गावर वाहनांवर दगडफेक झाली आणि एसटी थांबल्या. 2025 च्या फेब्रुवारीत भाषेवरच्या वादातून एका बसवाहकाला मारहाण झाली आणि दोन राज्यांमधील बससेवा पुन्हा विस्कळीत झाली. दगड कोणीही मारो, निपाणीहून कोल्हापूरला रोज ये-जा करणारी पोरे थांब्यावर अडकतात. नाचणाऱ्या मुलाच्या हातातील झेंड्याला मारल्याने मराठी एक इंचही पुढे सरकत नाही. उलट आपल्या न्याय्य मागणीला उत्तर देणे इतरांना सोपे होते.

आपली मागणी शुद्ध असेल, तर ती दोन्ही बाजूंना लागू पडली पाहिजे. अक्कलकोट आणि जतच्या कन्नडभाषक मुलांना सोलापूर-सांगलीच्या महाविद्यालयांत कन्नडमधून सूचना आणि समुपदेशन मिळावे, असे मी याच लेखणीने लिहितो. हे म्हणण्याचे धैर्य नसेल, तर आपण हक्क मागत नसून केवळ वर्चस्वाची अदलाबदल मागतो आहोत.

मागण्या मोजक्या आहेत. प्रवेश, वसतिगृह, शुल्क आणि छळप्रतिबंध यांविषयीचे प्रत्येक सूचनापत्रक कन्नड आणि इंग्रजीच्या जोडीला मराठीतही असावे. प्रत्येक महाविद्यालयात आठवड्यातून निदान ठरावीक दिवशी मराठी जाणणारा समुपदेशक उपलब्ध असावा आणि तशी पाटी मराठीत लावावी. शिष्यवृत्तीच्या हंगामात मराठी बोलणारा माणूस मदतकक्षात असावा. दोन्ही राज्यांनी मिळून निपाणी-अर्जुननगरसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती कोणी द्यायची आणि दाखले कोणी तपासायचे, हे एका पानावर लिहून जाहीर करावे. यांपैकी एकाही मागणीसाठी सीमारेषा हलवावी लागत नाही, आणि एकही मान्य केल्याने कर्नाटकाचा न्यायालयातील दावा दुबळा होत नाही.

तोवर आपण एवढे तरी करू. घरातील, गल्लीतील प्रत्येक महाविद्यालयीन मुलाला सांगू की, तक्रार मराठीत लिही, अनुच्छेद 350 चा उल्लेख कर, प्रत आपल्याकडे ठेव आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. निवृत्त शिक्षकांनी जून ते सप्टेंबर आठवड्यातील एक संध्याकाळ वाचनालयात बसावे आणि मुलांचे अर्ज वाचून समजावून द्यावेत. वर उलगडलेल्या शब्दांसारख्या शंभरेक शब्दांची कन्नड-मराठी यादी करून ती वसतिगृहांत वाटावी. मी माझ्यापरीने ती यादी करायला घेतली आहे.

शेजारच्या त्या मुलीला मी नियमावली ओळीओळीने मराठीत लिहून दिली. पाने जेमतेम चार झाली. तिने ती खोलीच्या भिंतीवर चिकटवली आणि आता त्या मजल्यावरच्या इतर मराठी मुली तिथे येऊन वाचतात. जे काम एका माणसाला एका दुपारी जमले, ते संस्थांना इतक्या वर्षांत का जमू नये, याचे उत्तर आता त्यांनी द्यायचे आहे, आणि ते लेखी द्यायचे आहे.