कॅराव्हॅनचा फ्रिज: धोका घाटात नाही, पार्किंगमध्ये

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. नवी मुंबईहून कॅराव्हॅन घेऊन लोणावळ्याला निघणार असाल, तर आतला फ्रिज कोणता आहे ते आधी विचारा.

अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर बॉयलरमधलं अमोनिया-पाण्याचं मिश्रण तापवतो. अमोनियाची वाफ वर जाते आणि द्रव उताराने परत येतो. घाटात गाडीचा कल सतत बदलतो, त्यामुळे द्रव फिरत राहतो. पण तीच गाडी तिरकी उभी करून फ्रिज तासन् तास चालू ठेवला, की द्रव परतत नाही, बॉयलर कोरडा तापतो आणि कालांतराने नळीला चीर पडू शकते. आत हायड्रोजनही असतो; ज्योतीजवळ गळती झाली तर आग लागू शकते. बॉयलरच्या नळीला तडे जाण्याच्या धोक्यामुळेच 2006 मध्ये डोमेटिकने अमेरिकेत नऊ लाखांहून जास्त फ्रिज रिकॉलमध्ये घेतले होते.

बॉयलरवरचा सेन्सर तापमान वाढताच हीटर किंवा गॅस बंद करतो. तो बसवाच, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. गाडी सपाट जागी लावा, फ्रिजमागची हवेची जाळी झाकू नका. नवीन गाडी घेताय? 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज मागा. बॅटरी मोठी लागेल, पण बॉयलरची काळजी संपेल.