नादारीचा कायदा कंपनीसाठी, तगादा मात्र गरिबासाठी

२०२१ च्या जून महिन्यात राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने व्हिडिओकॉन समूहाच्या कर्जाबाबत एक योजना मंजूर केली. धनकोंचे मान्य दावे सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे होते, तर योजनेतून मिळणार होते सुमारे २,९६२ कोटी. म्हणजे जवळपास ९६ टक्के रकमेवर पाणी. खुद्द न्यायाधिकरणानेच यावर बोट ठेवलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने ही मंजुरी रद्द केली. पण मुद्दा असा की औरंगाबादच्या मातीत वाढलेल्या या कंपनीसाठी कायदा होता, तारखा होत्या, वकिलांची फौज होती आणि कर्जातून बाहेर पडण्याचा एक रस्ता होता.

त्याच मराठवाड्यात, आपल्या वस्त्यांमध्ये, बचत गटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सचं चाळीस हजारांचं कर्ज घेतलेल्या बाईसाठी कोणता रस्ता आहे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे दिसतं ते आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवं.

कागदावरची नवी सुरुवात

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. तिचा दुसरा भाग कंपन्यांसाठी आणि तिसरा भाग तुमच्या-आमच्यासारख्या व्यक्तींसाठी. या तिसऱ्या भागात अत्यंत गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ देणारी प्रक्रिया लिहून ठेवली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला अर्ज करून कर्जातून मोकळं होता यावं, अशी ती तरतूद.

ही तरतूद आजही अमलात नाही. तिसऱ्या भागातला जो तुकडा १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला, तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. म्हणजे त्यातही बँकांच्या मोठ्या वसुलीची सोय पाहिली गेली. शेतमजूर, घरकामगार, रिक्षाचालक आणि कंत्राटी सफाई कामगार मात्र बाहेरच राहिले. शिवाय २०१६ ला ठरवलेल्या या मर्यादा आजच्या भावात इतक्या तोकड्या आहेत की उद्या कायदा लागू झाला तरी वस्तीतली बहुतेक घरं त्यात बसणार नाहीत. चाळीस हजारांचं एक कर्जही ३५,००० ची रेघ ओलांडतं. ही तरतूद लागू करा आणि मर्यादा वाढवा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत अजून फारशी दिसत नाही. ती दिसायला हवी.

तोवर व्यक्तीसाठी इंग्रजी राजवटीतले दोन कायदे शिल्लक आहेत. मुंबई शहरासाठी १९०९ चा, ज्याचं काम उच्च न्यायालयात चालतं, आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. ५०० रुपयांहून अधिक देणं फेडता येत नसेल तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. पण त्यात मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, नादार ठरल्याचा शिक्का बसतो आणि मुक्ततेचा आदेश स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. हे काम जाणणारे वकीलही मोजके आहेत. म्हणून हा मार्ग शेवटचा समजावा.

आधी कागद शोधा

आमचं निरीक्षण असं की आपला माणूस बहुतेक वेळा हक्क नाही म्हणून हरत नाही. आपल्यावर कोणता दावा, कुठे चालू आहे हेच त्याला माहीत नसतं. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, तारखेला कोणी हजर राहत नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. मग पगारावर जप्ती आली की घर हादरतं. म्हणून पहिलं काम म्हणजे नोंद शोधणं.

दिवाणी दावा, दरखास्त किंवा चेक न वटल्याचा खटला असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल अॅपवर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. नावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मिळाला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. त्यावरून न्यायालयातून रोजनाम्याची आणि हुकूमनाम्याची नक्कल काढता येते.

बँकेची थकबाकी २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकरण डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात असू शकतं. त्याची नोंद ई-कोर्ट्सवर सापडणार नाही. डीआरटीचं वेगळं संकेतस्थळ आहे. घर तारण असेल आणि बँकेची ६० दिवसांची नोटीस आली असेल, तर त्या मुदतीत लेखी हरकत द्या. पुढे ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत डीआरटीत दाद मागावी लागते.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निबंधकाच्या कार्यालयातून निघतो. तो कोणत्याही न्यायालयाच्या यादीत दिसत नाही, त्यासाठी उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाच्या कार्यालयातच जावं लागतं. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्जाला दोन महिन्यांची मुदत आहे आणि वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. दाखला निघण्याआधीच्या सुनावणीला हजर राहणं किती महत्त्वाचं, हे यावरून कळावं. मित्राला किंवा भाऊबंदाला जामीन राहिलेल्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं, कारण कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

तुमची कंपनी किंवा घर बांधून देणारा बिल्डर दिवाळखोरीत गेला असेल तर तुम्ही धनको आहात. अशा वेळी जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येते. ती नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही असते. थकलेल्या पगाराचा किंवा भरलेल्या पैशांचा दावा त्यात सांगितलेल्या मुदतीत करावा लागतो. दावा न करणाऱ्याची कोणी वाट पाहत नाही.

धमकी कोणती, कायदा कोणता

आजकाल व्हॉट्सअॅपवर ‘अटक वॉरंट’ पाठवण्याचे प्रकार सर्रास चालतात. त्यावर प्रकरण क्रमांक आहे का ते पाहा आणि तो ई-कोर्ट्सवर तपासा. नोंद सापडली नाही तर लगेच निश्चिंत होऊ नका, त्या न्यायालयाच्या कार्यालयात विचारा. पण घाबरून पैसेही पाठवू नका.

निव्वळ कर्ज फेडता आलं नाही हा गुन्हा नाही. ऐपत असूनही जाणूनबुजून न देणारा आणि खरोखर ऐपत नसलेला, यांत फरक करावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं. न्या. कृष्णा अय्यर यांचा तो निकाल. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये स्पष्ट आहे. मायक्रोफायनान्सच्या प्रत्येक गटातल्या बाईला हे एक वाक्य माहीत असायला हवं. मात्र चेक न वटणं किंवा खात्यातून जाणारा हप्ता परत जाणं यावर फौजदारी खटला होऊ शकतो. तिथे समन्स टाळणं महागात पडतं.

जप्तीलाही मर्यादा आहेत. कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, सगळ्याला मनाई आहे. तक्रार आधी संस्थेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. विनापरवाना सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे होते.

वकील मोफत आहे, आणि तो हक्काचा आहे

‘वकिलाला द्यायला पैसे नाहीत’ हे वाक्य आपल्या वस्तीत रोज ऐकू येतं. संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत विधी साहाय्याचं तत्त्व आहे आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने ते हक्कात उतरवलं. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि सर्व स्त्रिया यांना या कलमाखाली उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळालं, त्यामुळे जातीचं प्रमाणपत्र असलेला बौद्ध तरुण या मदतीला पात्र आहे. शिष्यवृत्तीसाठी जपून ठेवलेला तो कागद इथेही चालतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात, तर तालुका समिती तालुक्याच्या न्यायालयात असते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. कायद्यातल्या ‘न्यायालय’ या शब्दात न्यायाधिकरणही येतं, त्यामुळे डीआरटीतल्या प्रकरणासाठीही वकील मागता येतो. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल आणि समन्स नीट बजावलंच नसेल, तर माहिती झाल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. दिवस मोजून चाला.

लोकअदालतीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. तडजोड परवडणारी असेल तर ती चांगलीच. पण तिथे सही केली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नाही. हप्ता भरता येईल का, व्याज किती माफ झालं, कर्ज पूर्ण बंद झाल्याचं पत्र मिळणार का, हे विधी सेवा वकिलाला विचारूनच सही करा. तडजोड नाकारण्याचा हक्कही तुमचाच आहे.

विहारात एक टेबल मांडा

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली. त्यातलं एक अनृण सुख, म्हणजे कोणाचं देणं नसल्याचं सुख. अंगुत्तर निकायातली ही शिकवण आपण वंदनेनंतर ऐकतो. तिला रोजच्या जगण्यात उतरवायचं तर आपल्या विहारांनी थोडं वेगळं काम हाती घ्यायला हवं.

महिन्यातल्या एका रविवारी विहारात एक टेबल, एक मोबाईल आणि दोन शिकलेले तरुण बसवा. लोकांनी नोटिसा घेऊन यावं. नाव शोधा, क्रमांक आणि पुढची तारीख वहीत लिहा, जातीचं प्रमाणपत्र जोडून विधी सेवेचा अर्ज भरा आणि तारखेला सोबत जा. कोणाचं कर्ज किती, ही माहिती टेबलाबाहेर जाणार नाही याची काळजी घ्या. लाजेपोटीच माणसं नोटीस लपवतात. प्राधिकरणं विधी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतात, त्यात आपल्या मुला-मुलींनी नाव नोंदवावं. वस्तीत विधी साक्षरता शिबिर घ्या, अशी लेखी मागणीही प्राधिकरणाकडे करता येते.

आणि वहीत साठलेल्या नोंदी नावं वगळून निवेदनाला जोडा. ‘नवी सुरुवात’ कागदावर का पडून आहे, हा प्रश्न सरकारला विचारताना आपल्या हातात आपल्याच वस्तीचा पुरावा असेल.

जय भीम. नमो बुद्धाय.