जुन्या रेडिओला जागे करताना



दिवाळीपूर्वीची झाडलोट निघाली, की नशिराबादसारख्या गावांतील जुन्या घरांच्या माळ्यावरून आजोबांच्या पेढीवरचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली येतो. कोणाचा ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, कोणाचा फिलिप्स. ज्याच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, तोच हा रेडिओ. नातवंडे उत्साहाने त्याची पिन थेट भिंतीत खोचतात आणि नेमकी ही घाई त्याचा घात करते.

अशा संचातील दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या भागात असतो. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बदलतो, रेक्टिफायर व्हॉल्व्ह तिला एकाच दिशेने वाहावयास लावतो आणि फिल्टर कंडेन्सर तिच्यातील चढउतार शमवितो. कंडेन्सरमधील ओलसर रसायन कालांतराने सुकते. खानदेशच्या उन्हाळ्यात तर अधिकच. एकाएकी पूर्ण दाब आला, तर तो शॉर्ट होतो आणि रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मर यांनाही सोबत नेतो. कंडेन्सर थोडक्या पैशांत मिळतो. जुना ट्रान्सफॉर्मर मात्र नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो.

म्हणून येथेही जयणा पाळावी. पेटीत कोळी, झुरळे, मुंग्या यांनी घर केलेले असते. वीज जोडण्यापूर्वी त्यांना मऊ कुंचल्याने हलकेच बाहेर काढावे. वायरीचे रबर तडकले असेल, तर ती आधी बदलावी.

त्यानंतर जाणत्या कारागिराकडून सीरिज बल्बवर तपासणी करवावी. साठ वॅटचा तारेचा बल्ब रेडिओच्या मार्गात जोडतात. एलईडी चालत नाही. नव्या गिऱ्हाइकास आपण प्रथम मोजकीच उधारी देतो, तसाच हा प्रकार. प्रथम रेक्टिफायर काढून पाहतात. तरीही बल्ब लख्ख पेटला, तर ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. तो मंद राहिला आणि रेक्टिफायर बसविल्यावर मात्र लख्खच पेटत राहिला, तर संशय प्रथम कंडेन्सरवर घ्यावा.

लक्षणेही बोलकी असतात. डायलचा दिवाच लागत नसेल, तर वायर, फ्यूज आणि स्विच पाहावा. दिवा लागतो पण आवाज नाही, तर रेक्टिफायर तपासावा. गाण्यामागे सतत घुमणारा ‘हं’ ऐकू आला, तर कंडेन्सर सुकला असे समजावे. नवा कंडेन्सर जुन्याइतक्याच क्षमतेचा घ्यावा. फार मोठा घातल्यास रेक्टिफायरवर भार पडतो.

एक इशारा मात्र जिवाचा आहे. पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. ‘एसी/डीसी’ लिहिलेल्या अनेक संचांत तर ट्रान्सफॉर्मर नसतो आणि धातूच्या सांगाड्यातच वीज उतरलेली असू शकते. त्यामुळे घरच्यांनी मागचे झाकण उघडून आत हात घालू नये.

असलेली वस्तू सांभाळून वापरली, की नवी घेण्याचा मोह आपोआप कमी होतो. अपरिग्रहाचा हा एक घरगुती पाठच होय. माळ्यावरचा रेडिओ यंदा भंगारात देण्यापूर्वी एकदा सीरिज बल्बवर अवश्य तपासून घ्यावा.