गाडीतील आवाजाचा खर्च : किती योग्य, किती वायफळ?

गाडी नवी असो वा जुनी, ती दारात आली की पुढची फेरी ॲक्सेसरीजच्या दुकानाकडे होते. मुंबईत लॅमिंग्टन रोड व कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अशा बाजारांतून स्टिरिओ-स्पीकर विकणारे आणि बसविणारे आपले अनेक बांधव आहेत. त्यामुळे कंपनीने दिलेली साऊंड सिस्टीम बदलण्याचा खर्च परवडतो काय, हा प्रश्न घेणाऱ्याचा आहे तसाच विकणाऱ्याचाही आहे.

आमचे मत असे की, थोडा पैसा योग्य जागी घातला तर तो वसूल होतो. वॅटच्या आकड्यामागे धावून घातला तर वाया जातो.

प्रथम या आकड्याचाच हिशेब पाहू. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. हा क्षणभराचा कमाल आकडा होय. सतत मिळणारी शक्ती, जिला आरएमएस म्हणतात, ती प्रत्येक स्पीकरमागे साधारण १५ ते २० वॅटच असते. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे दुप्पट वॅटसाठी जादा पैसे मोजणाऱ्याच्या पदरात फारच थोडे पडते.

मग फरक पडतो कोठे? स्पीकरमध्ये आणि दरवाजात. लहान गाड्यांत कंपनीचे स्पीकर बहुधा हलक्या कागदी पडद्याचे व छोट्या चुंबकाचे असतात. ते बदलले की शब्द स्वच्छ ऐकू येतात. दरवाजाचा पत्रा पातळ व आत पोकळी असते. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजातील खर्ज खाऊन टाकतो. डॅम्पिंग शीट लावून ती भोके बुजविली, पाणी निघून जाण्याची छिद्रे तेवढी मोकळी ठेवली, तर साधा स्पीकरही भारदस्त वाजतो. पुढच्या दोन दरवाजांचे हे काम नीट झाले, तर बहुतेकांना आणखी काही करण्याची गरज उरत नाही. आजच्या गाड्यांत पडद्याला मागचा कॅमेरा व स्टिअरिंगवरील बटणे जोडलेली असतात. म्हणून मूळ स्टिरिओला हात न लावलेलाच बरा.

मोठा ॲम्प्लिफायर व सबवूफर बसविणाऱ्यांनी दुसराही हिशेब करावा. ५०० वॅट आरएमएसचा साधा ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने वाजताना ६० ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकतो. लहान गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून असे वाजविले तर सकाळी धक्का मारण्याची पाळी येणारच. त्यात स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर वापरली, तर त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा ती जास्त तापते. बॅटरीजवळ फ्यूज नसेल आणि वायर पत्र्यावर घासली, तर गाडी पेटण्यास वेळ लागत नाही. चार पैसे वाचविण्यासाठी कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे हा कसला व्यवहार?

गाडी विकतानाही हा पैसा परत येत नाही. घेणारा इंजिन, टायर आणि किलोमीटर पाहतो. बूफरच्या डब्यापेक्षा डिकीतील जागा त्याला अधिक मोलाची वाटते. समजा, कोणी यासाठी ४० हजार रुपये हप्त्यांवर काढले. तेवढ्या रकमेत कारागिराला एखादे चांगले यंत्र घेता येते किंवा दुकानदाराला सणाचा माल भरता येतो. जो दिवसातून पाच-सहा तास गाडीत काढतो, त्याने पुढचे दोन चांगले स्पीकर जरूर घ्यावेत. केवळ चौकात लोकांनी वळून पाहावे म्हणून कर्ज काढणे ही उधळपट्टीच होय.

आता दोन शब्द विकणाऱ्यांसाठी. महागडा डबा गळ्यात मारून एकदा नफा होईल, पण तो गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. बिलावर आरएमएस वॅट लिहा. कंपनीच्या वायरी कापू नका, कपलर वापरा; कापलेल्या वायरीमुळे गाडीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. फ्यूज कोठे बसविला ते गिऱ्हाइकाला दाखवा. डॅम्पिंग आणि सफाईदार जोडणी यांची मजुरी हक्काने घ्या, कारण आवाज खरा सुधारतो तो त्या हातामुळे. माल आज कोणीही घरबसल्या मागवू शकतो. हातातले कसब मात्र तसे मागविता येत नाही. आमच्या मते या धंद्याचे भवितव्य डबे विकण्यात नसून याच कसबात आहे.