एगप्लांट म्हणायची एवढी हौस का?

मंडळी, ऑनसाइट जाऊन आलेले काही सहकारी आपण 'ब्रिंजल' म्हटलं की लगेच सुधारतात, "एगप्लांट म्हण!" जणू ब्रिंजल म्हणजे गावठी इंग्रजी. अरे, दोन्ही शब्दांची कुंडली तरी बघा!

'एगप्लांट' म्हणजे अंड्याचं झाड. अठराव्या शतकात इंग्रजांनी पाहिलेल्या एका जातीची फळं पांढरी, अंड्यासारखी होती. दिसलं तसं नाव ठेवलं, विषय संपला. पुढे अमेरिकेत जांभळ्या वांग्यालाही तेच चिकटलं.

आता ब्रिंजल. संस्कृत 'वातिंगण' (तोही द्राविडी भाषांतून आला असावा असं काही भाषातज्ज्ञ म्हणतात, तेव्हा छाती फुगवू नका), फारसी 'बादिंगान', अरबी 'बादिंजान', मग पोर्तुगीज 'बेरिंजेला', आणि पोर्तुगिजांबरोबर परत भारतात! लंडनचा 'ऑबर्जिन'ही त्याच अरबी शब्दाचा वंशज. मग ऑबर्जिन साहेब आणि त्याचा भाऊबंद ब्रिंजल गावंढळ? हा कुठला न्याय?

आमच्या जळगाव-धुळ्याकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात ते भरताचं हिरवं, थोराड वांगं बघा. एवढं अंडं कुठल्या कोंबडीला जमेल? २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही 'जळगाव भरीत ब्रिंजल' या नावानेच.

अमेरिकेतल्या दुकानात खुशाल एगप्लांट म्हणा, नाहीतर पिशवी रिकामी राहील. पण इथे भरीत-पुरी खाताना ब्रिंजल म्हणणाऱ्याची चूक काढू नका. ते शुद्ध इंग्रजीच आहे, भो!