मावळा रद्दीत, शिपाई पेटीत

दिवाळी तोंडावर आली की पुण्याच्या कुंभारवाड्यापासून तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत किल्ल्यावरची चित्रे विक्रीस येतात. सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती, भालदार, तुतारीवाला, तोफ, वाघ आणि परंपरेने गडावर हक्काची जागा मिळवलेली भाजीवाली! पोत्यावर मांडलेल्या या गर्दीतून गिऱ्हाईक एक चित्र उचलते, विक्रेता त्याच्या उंचीवरून किंमत सांगतो, घासाघीस होते आणि चित्र जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले जाते. “हा कोण?” या मुलाच्या प्रश्नाला एकच उत्तर असते, “मावळा.” तो तानाजी नाही, बाजीप्रभू नाही, मुरारबाजी नाही. पलीकडच्या दुकानात मात्र परदेशी चित्रपटातील वीर रंगीत पुठ्ठ्यावर, पारदर्शक आवरणाखाली, स्वतःच्या नावानिशी लटकत असतो. मुलाला त्याचे नाव पाठ होते. मग आपण संस्कारांच्या ऱ्हासावर व्याख्याने योजतो. एकदा त्या रद्दीच्या पुडीकडेही पाहावे.

‘माल अस्सल असेल तर वेष्टनाचे अवडंबर कशाला?’ असे विचारणारे आमच्यातच पुष्कळ आहेत. साधेपणाचा हा अभिमान कारागिराच्या पोटावर येतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई ओतावयास प्रारंभ केला. ते लाल पेटीत विकले जात. पेटीवर पलटणीचे नाव असे आणि आत शिपाई पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधलेले असत. झाकण उघडताच ओळ शिस्तीत उभी! त्यांत भारतीय घोडेस्वारही होते. ज्यांनी आमच्यावर राज्य केले, त्यांनी आमच्या स्वारांना पलटणीच्या नावासह पेटीत बसवून विकले आणि स्वतंत्र झालेले आम्ही आमच्या स्वारांना रद्दीत गुंडाळतो. आज मूळ पेटीसह मिळालेल्या त्या जुन्या संचाला संग्राहक सुट्या शिपायांपेक्षा कितीतरी अधिक मोल देतात.

वेष्टन म्हणजे उधळपट्टी, हाही गैरसमजच. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५०च्या दशकात ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाची छोटी प्रतिकृती वूलवर्थच्या दुकानांसाठी काढली, तेव्हा किंमत दोन शिलिंगांत बसवायची होती. खोके परवडेना, म्हणून साधी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्या तोंडाशी छापील कागदाची पट्टी, एवढ्यावर काम भागले. पुढे १९६४ ते १९७४ या काळात रॉय क्रॉस या चित्रकाराने त्याच कंपनीच्या खोक्यांवर अशी विमाने आणि जहाजे रंगवली की, आत केवळ प्लास्टिकचे सुटे तुकडे आहेत याचा मुलांना विसर पडे. जपानच्या तामिया कंपनीने उलट वाट धरली. पांढरी शुभ्र पार्श्वभूमी आणि तीवर एकच वस्तू, रेखीव. मला विचाराल तर आपल्याला हीच वाट सोयीची. छपाई स्वस्त आणि फसवणूक शून्य.

सरकारने आपल्या परीने बरेच केले. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. परक्या मालाला अटकाव झाला, हे उत्तम. पण शुल्काची भिंत मावळ्याला नाव देत नाही, की त्याच्या तलवारीचे टोक प्रवासात शाबूत ठेवत नाही. प्लास्टरची तलवार कागदाच्या पुडीत घरापर्यंतही धड पोहोचत नाही. परगावी पाठवण्याची बातच नको.

एकट्या कुंभाराला खोकी छापून घेणे परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. छपाई थोडी असली की नगामागे खर्च फार पडतो. परंतु वीस कारखान्यांनी मिळून एकच खोके छापले आणि आतील चित्रानुसार केवळ चिठ्ठी बदलली, तर हा खर्च वाटला जातो. त्या चिठ्ठीवर वीराचे नाव, गडाचे नाव, इतिहासाच्या जाणकाराने तपासलेल्या चार ओळी, घडवणाऱ्याचे नाव-गाव आणि छापील किंमत असावी. नाव असलेल्या वस्तूची घासाघीस सहसा होत नाही. प्रमाणही लिहावे. आज अंगणातल्या किल्ल्यावर पहारेकरी बुरुजापेक्षा उंच असतो आणि कोणालाच त्याचे काही वाटत नाही. माणूस ५४ मिलिमीटरचा, म्हणजे १:३२ प्रमाणाचा असेल, तर पंधरा फुटी दरवाजा साधारण १४ सेंटिमीटरांचा हवा. हे गणित मूल किल्ला बांधता बांधता शिकेल.

शिवरायांच्या दुर्गपरंपरेतील बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आपण पेढे वाटले. आता गावोगावच्या किल्ले स्पर्धांच्या संयोजकांनी एवढे करावे : बक्षीस म्हणून स्टीलचा पेला देण्याऐवजी स्थानिक कुंभाराकडून नाव छापलेल्या पेटीतला संच घ्यावा. मागणी मात्र गणपतीपूर्वी नोंदवावी आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, कारण पुठ्ठा रोखीने येतो.