फोटो पाठवणारी मुले आणि आपण

परवा संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला एक आई आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) तक्रार नेहमीचीच. जेवण जात नाही, रात्री झोप नाही, पोटात दुखते. पोट तपासले, काही सापडले नाही. आईला बाहेर बसायला सांगितले, तेव्हा कुठे मुलगी बोलली. ओळखीच्या मुलाने तसला फोटो मागितला होता. दोनदा नाही म्हटले, तिसऱ्यांदा पाठवला. आता तो त्याच्या मित्रांच्या मोबाइलवर फिरतो आहे. "डॉक्टर, पप्पांना कळले तर माझे कॉलेज बंद," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. फोटोपेक्षा तिला पप्पांची धास्ती जास्त होती.

स्वतःचे उघडे फोटो किंवा लैंगिक मजकूर मोबाइलवरून पाठवण्याच्या या प्रकाराला ‘सेक्स्टिंग’ म्हणतात. विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, हे पाश्चात्त्यांचे खूळ. दुसरे, आईबापांचे संस्कार कमी पडले. मला दोन्ही पटत नाहीत.

युरोपातील २० देशांमधल्या ११ ते १६ वर्षांच्या सुमारे साडेचार हजार मुलांच्या माहितीवरून संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला. ते संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. काही देश जुन्या वळणाचे, काही मोकळे. जुन्या वळणाच्या देशांत हे प्रमाण कमी असेल असे कोणालाही वाटेल. तसे आढळले नाही. वाढते वय, काहीतरी थरारक करून पाहण्याची हौस आणि इंटरनेटचा जास्त वापर ही कारणे सगळीकडे जवळजवळ सारखीच निघाली. फरक पडला तो मुलगा-मुलगी यांत. परंपरा जपणाऱ्या देशांत हे करणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगे जास्त. म्हणजे बंधनांनी प्रकार थांबला नाही, बंधने फक्त मुलींच्या वाट्याला आली!

२०१८ साली जगभरातल्या ३९ अभ्यासांचे, एकूण एक लाख दहा हजार मुलामुलींचे आकडे एकत्र करून पाहण्यात आले. अठरा वर्षांखालच्या साधारण दर सात मुलांमागे एकाने असे काही पाठवले होते. आलेले मात्र चारांत एकाहून अधिकांना. आणि सुमारे बारा टक्के मुलांनी दुसऱ्याचे असे चित्र त्याला न विचारता पुढे ढकलले होते. खरा रोग मला या शेवटच्या आकड्यात दिसतो. पण आपण तपासणी करतो ती पाठवणाऱ्याचीच.

मुले का पाठवतात? पहिले कारण अगदी साधे आहे. कोणीतरी आवडते, त्याला आपणही आवडावे असे वाटते. आपल्या पिढीने त्यासाठी वहीत चिठ्ठ्या घातल्या. चिठ्ठी सापडली तर फाडता तरी येत होती. त्यात पौगंडावस्थेतला मेंदू असा, की हौस आणि उत्तेजना यांचा भाग लवकर जागा होतो, तर परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग पुरता पिकायला पंचविशीच्या आसपास पोहोचावे लागते. ही वयाची गोष्ट झाली, वाईट चालीची नव्हे.

दुसरे कारण दडपणाचे. लंडनमधल्या दोन शाळांतील मुलामुलींशी बोलून २०१२ मध्ये एक अहवाल तयार झाला. त्यात दिसले की धोका अनोळखी माणसापेक्षा वर्गातल्याच मुलांकडून जास्त येतो. मुलगे मुलींकडे फोटो मागत राहतात, मिळालेला फोटो मित्रांत मिरवतात. ज्याच्याकडे फोटो, त्याचा मान वाढतो. जिचा फोटो, तिला नावे ठेवतात. अमेरिकेतल्या कॉलेजविद्यार्थ्यांच्या २०१४ सालच्या एका छोट्या अभ्यासात तर निम्म्याहून अधिकांनी कबूल केले की मनात नसतानाही आपण यात भाग घेतला. माझ्यासमोर बसलेल्या मुलीचे ‘तिसऱ्यांदा पाठवला’ हे आणखी काय होते? लंडन असो की आपला तालुका, मागण्याची आणि नाइलाजाने देण्याची तऱ्हा तीच. वेगळी आहे ती किंमत. आपल्याकडे मुलीचे शिक्षण थांबते, घाईने स्थळे पाहिली जातात, आणि मागणारा ‘मुलांचे चालायचेच’ म्हणून सुटतो.

मुलगे सुरक्षित आहेत असे मात्र समजू नका. मुलीचे नाव घेऊन ओळख वाढवायची, फोटो किंवा व्हिडिओ मिळवायचा आणि मग पैसे उकळायचे, हा धंदा अनेक देशांत चालतो. त्यात किशोरवयीन मुलगे मोठ्या संख्येने सापडतात. लाजेपोटी तेही घरी बोलत नाहीत.

वाचकहो, मोबाइल काढून घेणे हा उपाय मला विचारला जातो. घ्या, पण त्याने फिरणारा फोटो थांबत नाही, फक्त मूल पुढच्या वेळी सांगायचे थांबते. कायदा इथे पालकांच्या बाजूला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचे असे चित्र पुढे पाठवणे हा पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. चित्र नुसते जवळ ठेवणे आणि पोलिसांना न कळवणेसुद्धा गुन्ह्यात मोडू शकते, असे सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मोबाइलवरचे धमकीचे संदेश पुसू नका, तो पुरावा आहे. फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून कोणा नातेवाइकाला पाठवू नका. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक लिहून ठेवा.

त्या दिवशी मुलीच्या संमतीने मी आईला आत बोलावले, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनाही. गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलीला विचारले, "तू जेवलीस का?" ती रडायला लागली. तक्रार त्यांनी स्वतः जाऊन दिली. मुलगी कॉलेजला जाते आहे. पोटदुखीची गोळी मी लिहून दिली नव्हती.